बिनमापाची कुंची

नाही, शिवायला माझी ना नाही हो, पण माप नको का? तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं इथं बंगळुरात, जे. पी. नगरात ब्लाऊज शिवतेय, माप घेतल्याशिवाय कात्री धरली नाही कधी. आणि आमची सूनबाई, मैत्रेयी, पलंगावर आडवी पडून म्हणते कशी, "आई, बाळाला कुंची शिवा ना." अगं, अजून दोन महिने आहेत, आणि जन्माआधी बाळाचं काही शिवू नये, एवढं तरी...

थांबा, आधीचं सांगते. एकदा शिवली होती मी. मैत्रेयीच्या पहिल्या खेपेला. तिला पाचवा लागला नि मला कुठला धीर, खणाचा तुकडा होता, बसले मशीनवर. शेजारच्या श्यामलाअक्कांनी बजावलं, "वसुमती, बेडा, आत्ताच नको." ऐकतंय कोण? आठवड्याभरात... ना कळ, ना काही, सगळं संपलं. मुलगी होती. मी घाईत मशीनवरची पिशवी उचलून धावलेली. नर्सनं गुंडाळायला कापड मागितलं, तर पिशवीत ती कुंचीच. केवढी मोठी झाली हो तिला. म्हणून म्हणते, माप घेतल्याशिवाय...

दुसऱ्या खेपेला मी मशीनला कुलूप घातलं. मुलाच्या, तनयच्या, शर्टाचं बटण तुटलं, तर तो महादेवपुऱ्याच्या ऑफिसात सेफ्टीपिन लावून गेला. घरात सुई दिसू दिली नाही. तरी पाचव्यातच गेलं. आता बोला. शिवलं म्हणून गेलं, की नाही शिवलं म्हणून?

तिसऱ्या खेपेला या नव्या डॉक्टरीणबाई, प्रियदर्शनी. म्हणाल्या, "दोष कुणाचाच नाही. गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे, वजन पेलत नाही, कळा न येताच उघडतं. तेराव्या आठवड्यात तोंडाभोवती टाका घालू, सदतिसाव्यात काढू." तनय मोबाईलात डोकं घालून बसला, आणि मला पटकन कळलं. बटव्याची नाडीच की! मी विचारलं, "दोरा कसला? किती पदरी?" तनय म्हणतो, "आई, प्लीज." अरे, प्लीज काय? सहा महिने माझं नातवंड त्या एका दोऱ्यावर राहणार, चौकशी नको? म्हटलं, "टिकेल ना?" तर बाई म्हणतात, "बहुतेकदा टिकतो." बहुतेकदा... मी गिऱ्हाइकाला असं सांगून बघू?

तर तो टाका घालून आता अठरा आठवडे झाले. मैत्रेयी शिंकली की मी खुर्ची धरते. आणि हिला कुंची हवी. मी म्हटलं, "माप घेतल्याशिवाय मी..." तर भिंतीकडं बघत म्हणाली, "आई, पहिलीला तुमची कुंची तरी होती. दुसऱ्याला हॉस्पिटलचा टॉवेल. याचं काहीही होवो, याला घरचं असू दे."

मशीनचं कुलूप काढलं. डोळ्यांत पाणी, सुईत दोरा जाईना. दारात श्यामलाअक्का. म्हटलं, आता या बजावणार. तर मैत्रेयीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, "सरी, बरं," म्हणाल्या, आणि दोरा ओवून दिला.

मोडला चाळीस वर्षांचा नेम. माप नाही, काही नाही. स्वल्प मोठीच शिवतेय.