त्याला उत्तर द्यायचं असतं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती मला सोडायला स्ट्रॉम्बोली बेटाच्या धक्क्यावर आली होती. बोटीच्या रांगेत आमच्यापुढे पालेर्मोचं एक वयस्क जोडपं वाद घालत होतं.

“नुन्त्सिओ, काळी वाळू पाहिलीस, चर्च पाहिलंस, आणि ऐन ज्वालामुखीच्या वेळी बोटीत झोपलास!”

“डोंगर काय पळून जातोय?”

“अरे, तिन्हीसांजेला आग उसळली, समुद्र लाल झाला. माझ्या तोंडून शब्द फुटेना.”

“तुझ्या? मग खरंच बघायला हवं होतं.”

तेवढ्यात डोंगराच्या पोटातून गडगडाट झाला.

“हो रे बाबा, ऐकलं,” आई वर बघून म्हणाली.

“कुणाशी बोलताय, ताई?” नुन्त्सिओने दबक्या आवाजात विचारलं.

“त्याच्याशी. तो बोलला की आम्ही उत्तर देतो. नाहीतर त्याला वाटायचं, घरात कुणी नाही.”

“रोज?”

“माझी आई द्यायची, आता मी देते. पुढे ही देईल.”

मी बोट कुठवर आली ते बघत राहिले.

आईची माती आटोपून आज पुन्हा त्याच रांगेत उभी होते. डोंगर पुन्हा गडगडला. प्रवासी माना वर करून थक्क झाले. उत्तर कुणीच दिलं नाही.

“हो रे बाबा, ऐकलं,” मी मोठ्याने म्हणाले. “मी आहे घरात.”