समितीनं बाप काढला

हॅलो?… कोण, विहीणबाई?

अगंबाई… नाही, नाही, दचकले नाही. फोन हातातच होता, म्हणून लगेच उचलला गेला… हो, प्रेसमध्येच आहे. रविवारी बंद असते खरी, पण आज जरा… आवराआवर काढलीय.

काय म्हणता?… हसतंय? इथं? छे हो, कोण हसणार. मशीन आहे ते. कटिंगचं. तेल कमी झालं की असं खिदळल्यासारखं वाजतं.

एक मिनिट हं… फादर, हळू. विहीणबाई आहेत फोनवर. हवं तर तोंडात रुमाल कोंबा… हां, बोला.

बाळाचा झगा? इस्त्री करून झाला? वा… हो, तुमची शिलाई म्हणजे काय बघायलाच नको… टोपीसुद्धा? टोपी कसली ठेवतोय तो डोक्यावर. दोन मिनिटांत ओढून काढेल. आपण दोघी आठ महिने भांडत होतो ते सगळं ऐकलंय त्यानं पाळण्यातून. हट्टी होणारच.

हो, चार वाजता. आत्ता साडेबारा… नाही, नाही, काही बदल नाही. तुमचे पाळकसाहेब पाणी घालणार, आमचे फादर मेणबत्ती देणार. एकाच बाळाला, एकदाच, आणि दोन्ही चर्चच्या वहीत नाव. ठरलंय ते ठरलंय.

पुस्तिका?

पुस्तिका… आहेत की. दोनशे. छान झाल्यात. वाळतायत… डिंक. म्हणजे शाई. शाई वाळतेय.

आवाज कुठं वेगळा येतोय? नेहमीचाच आहे माझा… सर्दी. सर्दीच असणार.

चाचा, ती कात्री इकडे सरकवा जरा… काय?… चाचा म्हणजे आमचे बाइंडरचाचा. शेजारच्या गाळ्यातले. आले असेच… हो, रविवारी… हो, इमामसाहेबही आहेत. ते दुपारचं शुभेच्छांचं भाषण मला दाखवायला आले होते, तर चाचांनी त्यांच्या हातात पट्ट्या दिल्या… कसल्या म्हणजे? कागदाच्या. कागदाच्या पट्ट्या असतात ना… असतात हो प्रेसमध्ये.

देवळातले गुरुजी पण आलेत. दुपारचं आमंत्रण त्यांनाही आहेच. सकाळी इथून चालले होते, म्हटलं या. त्यांनी एक पुस्तिका उचलली, मुखपृष्ठ वाचलं आणि मला म्हणाले…

नाही. काही नाही… खोकला. एक मिनिट… पाणी पिते.

हं. आले… नाही हो, हसत नाहीये. डोळ्यांत पाणी आलंय, पण ते खोकल्याचं.

विहीणबाई, ऐका ना. मला खोटं बोलता येत नाही आणि तुमच्याशी तर मुळीच नाही, तुम्ही वर्गातल्या पोरींना पकडावं तसं पकडता. सांगते. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग रागवा. तुम्ही म्हणाला होता ना, पुस्तिकेत एक अक्षर जरी चुकलेलं दिसलं तर बाळाला आमच्याच चर्चमध्ये नेईन, आमच्याच पद्धतीनं करीन म्हणून… म्हणाला होता हो. समितीच्या मीटिंगमध्ये, लाल पेन टेबलावर आपटून. त्या दिवसापासून माझी झोप उडालीय. लेक म्हणते, आई, तू जेवताना पण प्रूफं वाचतेस.

तर शुक्रवारी समितीनं काय ठरवलं? बाप काढायचा… अहो तसा नाही. शब्द. 'बाप' हा शब्द. आम्ही प्रार्थनेत 'बापा' म्हणतो, तुम्ही 'पित्या' म्हणता, आणि त्या एका शब्दावर चार मीटिंगा. त्याही मशिदीच्या हॉलमध्ये, कारण तुमची माणसं आमच्या दारात येईनात आणि आमची तुमच्या. तिसऱ्या मीटिंगला तर खरोखरचाच बाप निघायचा एकमेकांचा. इमामसाहेबांनी मध्येच चहा आणवला म्हणून वाचलो… हो, आठवतंय ना? तुमच्या कपात साखर नव्हती आणि तरी तुम्ही काही बोलला नाही. तेव्हाच मी म्हटलं, बाई खवळलीय.

मग आमचे फादरच म्हणाले, 'पिता' घ्या. आमच्या लोकांना कळतं. संपलं.

मी आले प्रेसमध्ये. पुस्तिकेत पन्नास ठिकाणी 'बाप'. एकेक कोण बदलत बसणार? कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं 'बाप' दिसेल तिथं तिथं 'पित' कर. पुढचा काना तसाच राहतो ना, म्हणजे 'हे बापा'चं 'हे पिता' होतं. एक बटण दाबलं आणि सगळं बदललं. काय सांगू, मला माझंच इतकं कौतुक वाटलं.

आता तुम्ही सांगा. चाळीस वर्षं भाषा शिकवलीत. 'बाप' आणखी कुठल्या शब्दाच्या पोटात असतो?… विचार करा… आपल्याच कार्यक्रमाचा शब्द… मुखपृष्ठावरचा…

बरोबर. बाप्तिस्मा.

हो. मोठ्या अक्षरात. 'एकच पित्तिस्मा, सर्वांसाठी.'

गुरुजी मला म्हणाले, ताई, हे पित्तावरचं शिबिर का? तीन वर्षं जळजळ आहे मला. येताना उपाशीपोटी यायचं का?

हॅलो?… विहीणबाई?… ऐकू येतंय ना?… हॅलो?

हे बघा, बोला काहीतरी. ओरडा हवं तर… तुम्ही रडताय?… नाही?… हसताय? तुम्ही हसताय?

अहो मग मोकळं हसा ना, असं नाकातून काय… अजून आहे. आत ऐका. 'आईबापांनी उभे राहावे'चं झालंय 'आईपितांनी उभे राहावे'. आणि आभाराच्या पानावर, खुर्च्या दिल्याबद्दल पितूकाका… हो, बापूकाकाच. त्यांना अजून सांगितलेलं नाही. दुपारी पहिल्या रांगेत बसवायचं आणि शेवटचं पान येईपर्यंत बोलण्यात गुंतवायचं, असं फादर म्हणतात… नाही, नाही, ते दुरुस्त होणार हो. सगळं होणार. थट्टा केली.

अहो, पुन्हा कुठं छापणार? मी नुसती अक्षरं जुळवते, मोठं मशीन छपाईवाला चालवतो, आणि तो गावाला. मग चाचा म्हणाले, पट्ट्या लावू. एका पुस्तिकेत सात ठिकाणी, म्हणजे दोनशे पुस्तिकांत चौदाशे पट्ट्या. बहुतेकींवर 'बाप्तिस्मा', नखाएवढा, कॉम्प्युटरच्या छोट्या प्रिंटरवर काढलेला. चाचा कापतात, इमामसाहेब डिंक लावतात, गुरुजी चिकटवतात, फादर वरून अंगठ्यानं दाबतात. गुरुजींचा हात काय स्थिर आहे म्हणून सांगू. फादरांचं दाबणं मात्र जरा जास्तच मनापासून आहे, दोन पुस्तिका त्यांच्या बाहीला चिकटून फिरतायत.

पाळकसाहेब?…

इथंच आहेत.

साडेनऊपासून. घड्या घालतायत… रागावू नका त्यांच्यावर. त्यांना खोटं बोलता येत नाही म्हणून मीच त्यांचा फोन काढून घेतला. ड्रॉवरमध्ये ठेवलाय. थांबा, बघते… तुमचे तीन मिस्ड कॉल आहेत त्यावर.

गंमत सांगू का? इमामसाहेबांनी विचारलं, या शब्दाचा अर्थ काय हो नेमका, दोनशेदा डिंक लावला पण कळला नाही. गुरुजी म्हणाले, मी सांगतो. त्यांनी सांगितलं ते सगळं चूक. फादरांनी दुरुस्त केलं. पाळकसाहेबांनी फादरांना दुरुस्त केलं. म्हटलं, झालं, आता पुन्हा मशिदीत मीटिंग. पण गुरुजी एकेक असा साधा प्रश्न विचारायचे की दोघांना मिळूनच उत्तर द्यावं लागायचं. बाळाला काही कळत नाही, मग पाणी कशाला, असं विचारलं त्यांनी. तर फादर अर्धं वाक्य बोलले आणि पुढचं अर्धं पाळकसाहेबांनी पुरं केलं. मग दोघंही एकमेकांकडे बघत बसले. आठ महिन्यांत जमलं नाही ते एका तासात, डिंकाच्या बाटलीसमोर.

हं… हं, बोला… का हो, आवाज का उतरला?

काय?… कुठलं प्रूफ?

शनिवारचं. हो. आहे ना, माझ्यासमोरच आहे. वर तुमची सही. 'वाचले. निर्दोष.' लाल पेननं, खाली दोन रेघा…

नाही. कुणालाच दाखवलं नाही… नाही हो, तुमच्यावर का ढकलू? बटण मी दाबलं… खरं सांगू? एकदा आलं मनात. म्हटलं, बाईंनीच पास केलंय, आता कशा नेतील बाळाला. अर्धं मिनिट. मग माझीच मला लाज वाटली आणि प्रूफ उलटं करून ठेवलं.

तुम्हाला कधी कळलं?… आज सकाळी? झग्याला इस्त्री करताना? प्रूफची तुमची प्रत शेजारी पडली होती, तिच्यावर नजर गेली? म्हणजे तीन मिस्ड कॉल त्यासाठी… आणि हा फोन पण त्यासाठी. आणि मी इथं शाई वाळवतेय, तुम्ही तिथं टोपी सांगताय.

अहो, हसू नका म्हणू नका. नाही थांबवता येत. दोघी मिळून एकच चूक एकमेकींपासून लपवतोय.

पण तुम्ही न वाचता सही केली? तुम्ही? लेकाच्या लग्नपत्रिकेतला अनुस्वार काढायला लावला होता तुम्ही मला…

हं… हं… ऐकतेय…

पहिल्याच ओळीत 'पिता' बघितलं… आणि?… पुढचं दिसेना?

अहो, मला वाटलं तुम्ही खूश असाल. तुमचं म्हणणं राहिलं म्हणून… रडलात?… आम्ही सोडून देऊ असं वाटलं नव्हतं तुम्हाला. हं…

आता विचारताय तर सांगते. मला लागलं होतं. आमचे वडील रोज पहाटे अंथरुणात उठून बसायचे आणि 'बापा' म्हणून सुरुवात करायचे. वर कुणाला तरी हाक मारतायत असं वाटायचंच नाही. शेजारच्या खोलीत कुणी आहे आणि त्याला उठवतायत, असं वाटायचं. तो शब्द मी माझ्या हातानं काढला… म्हणून तर एका बटणात काढला हो. कामाचा कंटाळा वगैरे काही नाही. एकेक करून काढवला नसता माझ्यानं.

नाही, रडत नाहीये… थोडं. गुरुजी, रुमाल नको, त्याला डिंक आहे.

काय म्हणालात?… आज तुम्ही 'बापा' म्हणणार? मोठ्यानं? सगळ्यांसमोर?

अहो, पण मी तर 'पित्या' म्हणायचं ठरवून बसलेय. कालपासून सराव चाललाय, भांडी घासताना… म्हणजे तुम्ही आमचं म्हणणार आणि मी तुमचं. एवढ्या चार मीटिंगा करून… नाही, राहू दे. चुकू दे. छापलंय एक आणि दोघी म्हणतोय दोन. ज्याला कळायचं त्याला कळतं.

पण थांबा. बाळाचं काय? तुम्ही म्हणाला होता, एक अक्षर… इथं तर चौदाशे ठिकाणी… नाही?… नक्की? परत म्हणा. मोठ्यानं म्हणा, मी स्पीकरवर टाकते… कुठलं बटण… हां. म्हणा.

ऐकलंत ना सगळ्यांनी? चारला. दोघांच्या हातून. बाई आपलं म्हणणं मागे घेतायत.

हे?… टाळ्या आहेत या. चिकट हातांच्या आहेत म्हणून अशा वाजतायत. पाळकसाहेब खुर्चीत मागे टेकून बसलेत, मगाशी घड्या घालत होते ते थांबलेत. साडेनऊपासून पहिल्यांदा टेकलेत ते… थांबा, स्पीकर बंद करते.

साठ राहिल्यात अजून. तीनला चर्चमध्ये न्यायच्या. सहा जणांचे हात कमी पडतायत. तुम्ही येता का?… अहो, आलात तर सोनं होईल. झगा सुनेकडे द्या, रिक्षा करा… किती वेळ लागेल?

दोन मिनिटं? एवढ्यात कशा… खाली? कुठं खाली?

आमच्या जिन्यात?… कधीपासून?

पाऊण तास? या उन्हात? मग वर का नाही… हं… धीर झाला नाही. तोंड कसं दाखवायचं…

अगं वेडे. अगं, तोंड दाखवायचं कसं म्हणजे काय? इथं सगळ्यांची तोंडं एकसारखीच झालीत आत्ता, तुझं काय वेगळं दिसणार आहे… नाही, ते 'अहो' गेलं आता. नाही येत तोंडात, तीन वर्षं आणलं तेवढं बास. सोळा पायऱ्या आहेत, उजवीकडे धरून ये… नाही, तू ठेव फोन… अगं तू ठेव… बरं, मीच ठेवते, दार उघडायला हात मोकळा हवा.