तबिथाबाईची कापरी प्रार्थना

बसलात का सगळे नीट? मागं भिंतीला टेकलेली मंडळी, जरा पुढं सरका! झोप आली तर येऊ द्या, पण माझ्या डोळ्यांसमोर तरी झोपा!

हं. तर आज एक प्रश्न घेऊन आलोय. सोपा वाटेल, पण घाई करू नका. मला सांगा — भीती आधी जाते आणि मग माणूस देवापुढं उभा राहतो? का माणूस आधी उभा राहतो आणि भीतीचं जे व्हायचं ते मागून होतं?

आपण सगळे काय म्हणतो? "बुवा, विश्वास जरा घट्ट होऊ द्या, मग प्रभूची साक्ष देईन." "बुवा, जरा धीर येऊ द्या, मग चारचौघांत प्रार्थना करीन." अरे, किती वर्षं झाली? धीराची वाट बघता बघता केस पांढरे झाले... काहींचे तर निघूनही गेले! मी नावं घेत नाही. टोपी घातलीय त्यांनी.

भय आहे उरी, कंप आहे करी ।
तरी तुझ्या दारी, उभा देवा ॥

म्हणा माझ्याबरोबर! — हां, टाळ जरा हळू. टाळकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त उत्साह!

तर या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. उत्तर देईल शिरसवाडीची तबिथाबाई मकासरे.

ही तबिथाबाई कशी? चौथी शिकलेली, ठेंगणी, कमरेला पदर खोचलेली. नवरा यशवंत एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आता तुम्ही म्हणाल भित्री असेल बाई. भित्री? छे! विंचू दिसला की चप्पल काढून एका फटक्यात संपवायची. गल्लीत एकदा वळू शिरला, गडी माणसं ओट्यावर चढली — आणि ही बाई खराटा घेऊन त्याच्यासमोर! "हो मागं! हो म्हणते ना!" वळू मागं झाला, मंडळी. वळूलाही कळतं कुणाशी वाद घालायचा नाही.

पण कुणाच्या घरी भरलेल्या घरसभेत चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "तबिथाबाई, आज प्रार्थना तुम्ही करा —" की संपलं! जीभ टाळूला चिकटली. "अवो, माझं दूध राहिलंय चुलीवर!" म्हणत बाई पसार. साहेबांनी एकदा हिशेब केला, म्हणाले, हिच्या घरात वर्षभरात जेवढं दूध उतू गेलं तेवढं अख्ख्या डेअरीत नसेल. आणि घरात म्हैस नाही, शेळी नाही, दूध येतं अर्धा लिटर!

हसता काय? तुमच्या घरी काय उतू जातं ते मला माहीत आहे.

आता त्याच मंडळीत दुसऱ्या एक बाई. निर्मलाबाई कसोटे, निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या अध्यक्ष. काय ती प्रार्थना! शिरसवाडीपासून सुरू करायच्या — तालुका, जिल्हा, राज्य, देश — समुद्र ओलांडून सगळ्या जगातल्या राजांसाठी, प्रधानांसाठी मागायच्या, आणि परत शिरसवाडीला यायच्या तोवर लोकांच्या कपातल्या चहावर साय! पण भाषा अशी शुद्ध की ऐकत राहावं. तबिथाबाई ऐकायची आणि मनात म्हणायची, "प्रार्थना म्हणजे ही. आपण काय, प्रभू, नुसतं तुझ्यासमोर गप बसायचं."

आला कापणीचा सण. मंडळीनं ठरवलं, यंदा प्रत्येक गल्लीतून एकानं धान्यासाठी उपकारस्तुती करायची. मकासऱ्यांच्या गल्लीची चिठ्ठी निघाली — तबिथाबाई! दुधाचं कारण चालेना, कारण दूध तिनं सकाळीच सगळ्यांदेखत खिरीत ओतलं होतं.

आठ दिवस बाईला जेवण गोड लागेना. शेवटी यशवंत म्हणाला, "अगं, मी लिहून देतो. तू फक्त वाच."

लिहिलं बिचाऱ्यानं. छान लिहिलं. पण कागद वाया घालवायचा नाही म्हणून लिहिलं कशावर? किराणाच्या यादीच्या पाठीमागं!

रविवार. मंदिर भरलेलं. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या. तबिथाबाई उभी राहिली. हात असे कापतायत की कागदाचा फडफड आवाज माईकमधून बाहेर! डोळे मिटून तिनं पाठ केलेलं सुरुवातीचं वाक्य म्हटलं, "हे स्वर्गातल्या बापा, आम्ही तुझी लेकरं आज तुझ्याकडे..." आणि डोळे उघडून कागदात बघितलं.

"...तूरडाळ दोन किलो. शेंगदाणे एक किलो. धुण्याचा साबण तीन..."

भीतीनं बाईला आपण काय वाचतोय याचं भानच नाही, मंडळी! एकेक अक्षर लावत वाचत चाललीय. "खोबरेल तेल, मोठी बाटली." आणि पुढच्या बाकावर बहिरे लाजरसआबा. त्यांना वाटलं झाली प्रार्थना. ते खणखणीत ओरडले — "आमेन!"

मंदिर कोसळलं हसून! गडी हसले, बाया हसल्या, पाळकसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. तुम्हीही आता हसलातच की! हसा. पण आता थांबा जरा.

कारण हशा ओसरता ओसरता निर्मलाबाई बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाल्या, "तबिथा, डाळ प्रभू देईल गं, पण तू आधी वाचायला तर शीक!"

पुन्हा हशा. पहिल्याहून मोठा.

तबिथाबाई खाली बसली. कागद मुठीत चुरगळला. चौथीतून तिला का काढलं होतं ठाऊक आहे? आई वारली आणि धाकटी तीन भावंडं तिच्या कडेवर आली. ती शिकली नाही म्हणून इतर तिघं शिकली. हे मंदिरात कुणाला ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी बाईला वाटलं, तोही हसला असणार.

पुढच्या रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली. त्याच्या पुढच्या रविवारी दाराशी. मग डोकं दुखायला लागलं — फक्त रविवारी हं, सोमवारी ठणठणीत! आणि मग घरातही गप्प. जेवायच्या आधी यशवंत हात जोडून थांबायचा, ही भाकरी मोडून मोकळी.

"अगं, प्रार्थना?"

"तुम्ही करा. माझं हसू होतं."

"इथं कोण हसणार? मी आणि मांजर!"

बाई हसली नाही. "ज्याच्याशी बोलायचं, त्यालाच आपलं बोलणं येडंगबाळं वाटत असंल तर कशापायी बोलायचं, अवो?"

बघा कसं होतं! आधी माणसांची भीती. ती मंदिराच्या दारापर्यंत आली, मग दाराबाहेर, मग घरात, आणि शेवटी ताटावर येऊन बसली. भीतीला एकदा बसायला पाट दिला की ती जेवूनच उठते. वळूला हाकलणारी बाई, पण या भीतीला हाकलायचा खराटा सापडेना.

तीन महिने असे गेले. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, ऊन तापायला लागलं. आणि एका सकाळी बातमी आली — निर्मलाबाईंना लकवा मारला! उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

वाचा, मंडळी! जिच्या जिभेवर सगळ्या जगातले देश होते, तिला पाणी मागता येईना.

दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं. मंडळी भेटायला जाऊ लागली. यशवंत म्हणाला, "आपणही जाऊन येऊ."

"मी न्हाई."

"राग आहे?"

तबिथाबाईनं खरं सांगितलं. "राग हाये. पण रागापेक्षा भ्याव जास्त हाये. तिथं कुणी म्हणलं प्रार्थना करा, तर?"

"कोण म्हणतंय? बोलणारी बाईच मुकी झाली!"

गेली. दुपारची वेळ. खोलीत सहा-सात बाया. एकेकीची प्रार्थना चाललेली — लांबलचक, नटवलेली, निर्मलाबाईंच्याच धाटणीची. त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या ना! आणि खाटेवर निर्मलाबाई. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायांना वाटलं, पवित्र आत्म्यानं भरून आलंय. आवाज आणखी चढवला!

तबिथाबाई दारात उभी होती. तिनं त्या डोळ्यांकडं बघितलं आणि तिला पटकन कळलं. ही भरून आलेली नाही. ही भ्यालीय. आपल्यासारखीच भ्यालीय.

कसं कळलं? तीन महिने तेच डोळे ती आरशात बघत होती.

बाया चहाला बाहेर गेल्या. तबिथाबाई खाटेजवळ गेली, घोट-घोट पाणी पाजलं, हनुवटी पुसली. "बाई, येते मी," म्हणाली आणि वळली — तर पदर अडकला. मागं बघते तो काय! निर्मलाबाईंनी डाव्या हातानं पदर घट्ट धरलेला. सोडेनात. हात जोडता येत नव्हते, एक हात मेलेला. त्यांनी तो एकच हात कसाबसा छातीशी नेला — पदरासकट — आणि डोळे मिटले.

प्रार्थना कर, म्हणत होत्या.

आता पळ! दूध उतू घालव! पण पदर धरलेला. कुठं पळणार?

तबिथाबाईला घाम फुटला. ती खाटेच्या कडेला टेकली. कागद नाही. यशवंत बाहेर. आणि तिच्या तोंडून कसंबसं आलं —

"प्रभू... मी तबिथा. मकासऱ्यांची. शिरसवाडीची."

पत्ता सांगितला हो बाईनं! देवानं चुकून दुसऱ्या घरी जायला नको!

"तीन महिने बोलले न्हाई मी तुज्याशी. मला वाटलं तू हसलास. मला आत्ताबी लई भ्याव वाटतंय, माजे हात बघ कसे करतायत. बाईंना पण वाटतंय. त्यांचं बोलणं गेलं, त्यांना वाटतंय तू पण गेलास. तू जाऊ नको. इथं बस जरा. आमाला दोगींना बोलता येत न्हाई, तू नुसता बस."

आणि थांबली. आमेन म्हणायचंही विसरली.

एक विचारतो, मंडळी — शब्द किती होते? व्याकरण कुठं होतं? पण निर्मलाबाईंच्या छातीचा भाता हळूहळू शांत झाला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या माउलीला झोप लागली. पदर तसाच हातात! तबिथाबाई दोन तास जागची हलली नाही. यशवंत शोधत आला तर खुणेनंच म्हणाली, "जावा तुम्ही. भाकऱ्या टोपल्यात हायेत."

त्या दिवसापासून रोज दुपारी ती जाऊ लागली. तेल चोळायची, भरवायची, आणि तिचं ते पत्ता सांगून सुरू होणारं बोलणं बोलायची. महिन्याभरानं निर्मलाबाईंनी खुणेनं फळीवरची शाळेची जुनी पाटी मागितली. डाव्या हातानं, बालवाडीतल्या पोरासारखी वाकडी अक्षरं काढली आणि पाटी पुढं केली. तबिथाबाई एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"मी... ह... स... ले."

एवढंच. मग तबिथाबाईनं पदराच्या टोकानं पाटी पुसली, स्वच्छ पुसली, आणि म्हणाली, "बाई, अक्षर लई वाईट आलंय. पुन्हा काढा." आणि निर्मलाबाई हसल्या! वाकड्या तोंडानं, लाळ गळत, पण पोटभर.

पावसाळ्याच्या आधी त्या काठी टेकत मंदिरात आल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "आज प्रार्थना कोण करील?" सगळ्या माना खाली — तुम्ही घालता तश्शाच! आणि तबिथाबाई उठली. आता मी काय सांगावं अशी तुमची अपेक्षा आहे? की तिची भीती पळाली, आवाज घुमला? नाही हो! हात इतके कापत होते की पुढचा बाक खडखडत होता. तिनं शेजारी बसलेल्या निर्मलाबाईंचा तो निर्जीव हात आपल्या हातात घेतला, चार वाक्यं बोलली, खाली बसली. कुणी हसलं नाही. हसावं असं कुणाला वाटलंच नाही.

निर्मलाबाईंचं बोलणं पूर्वीसारखं कधी आलं नाही. आणि तबिथाबाईचे हात? अजून कापतात. दर रविवारी. पण दर रविवारी ती उठते.

मिळालं उत्तर? भीती गेली नाही, मंडळी! ती आपली बसलीय एका कोपऱ्यात. बाई तिच्यासमोरून उठून प्रभूकडं जाते, एवढंच. प्रभूनं कधी कुणाला म्हटलंय का, आधी थरथरणं बंद कर, मग ये? मग आपणच का दाराशी थांबलोय?

आता शेवटची प्रार्थना. दरवेळी बुवा करतात, तुम्ही आरामात डोळे मिटता. आज बुवा करणार नाहीत. मी वीणा खाली ठेवली, हा बसलो. तुमच्यातल्या कुणीतरी करायची. लांब नको, शुद्ध नको. आवाज कापला तर कापू द्या. आणि शेजाऱ्याचा कापला तर हसू नका, त्याचा हात धरा.

घाई नाही. मी थांबलोय. तोही थांबलाय.