वरचा थर

धाकटा : हात नको लावूस दादा, कापेल. नुसतं बघ. पातं घातलं आणि सिलिकॉनचा वरचा थर सायीसारखा निघाला.

थोरला : पोतं भंगारात टाक म्हटलं होतं ना? कोठी रिकामी करायचीय, पंचनामा नाही.

धाकटा : दातांच्या डॉक्टरकडे फुटली त्या माशांच्या टाकीच्या काचा आहेत ह्या. चार वर्षांपूर्वीच्या. माझ्या नावावरच्या.

थोरला : मग खपली कशाला काढतोस?

धाकटा : कारण खाली माझा थर आहे आणि वर दुसऱ्याचा. बाबांनी काय शिकवलं? तळ आधी, मग मागची काच, मग बाजूच्या, समोरची शेवटी. कडा स्पिरिटनं पुसायच्या, सांध्यात सिलिकॉन भरायचं, चिकटपट्टीनं बांधायचं, सात दिवस हलवायचं नाही. आणि गळली तर?

थोरला : शाळा घेतोयस माझी?

धाकटा : गळली तर काय, दादा?

थोरला : ...सगळं खरवडून नव्यानं भरायचं.

धाकटा : का?

थोरला : वाळलेल्यावर ओलं धरत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

धाकटा : टाकी जोडून मी मावशीकडे गेलो. पाचव्या दिवशी परत आलो, तर ती पोचवून मोकळा झाला होतास.

थोरला : डॉक्टर रोज फोन करत होता! तिसऱ्या दिवशी सरकवताना कोपरा सुटला. थेंब थेंब पाझरत होतं रे. वरून सिलिकॉनची एक ओळ ओढली. दिवसभर पाणी भरून ठेवलं, टिपूस आलं नाही. वाटलं, धरलं.

धाकटा : आणि तीन आठवड्यांनी आठ वर्षांच्या पोरीच्या पायावर कोसळली, तेव्हा? भरल्या दवाखान्यात म्हणालास, "जोडणी धाकट्याची."

थोरला : जोडणी तुझीच होती.

धाकटा : खोटं तरी नीट बोल! पोर अजून लंगडते. आणि मी चार वर्षं नुसत्या काचा पुसतोय. सिलिकॉनची गन उचललेली नाही.

थोरला : हळू. बाबा आले.

बाबा : ऐकलंय मी. कान शाबूत आहेत अजून.

थोरला : बाबा, मी सांगणारच होतो...

बाबा : मला? अरे, तुकडे पोत्यात मीच भरले. तो थर त्याच दिवशी पाहिला.

धाकटा : तुम्हाला माहीत होतं?

बाबा : ह्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. तू एकटा जीव. वाटलं, सोसशील.

धाकटा : मग पोतं का ठेवलंत?

बाबा : टाकवलं नाही.

धाकटा : वा! पोटचा पोर टाकवला, पोतं नाही टाकवलं.

बाबा : बोल. आज बोलून घे.

धाकटा : काय बोलू? महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या पोरीच्या घरी जातो. "माझ्या हातून झालं" म्हणत तिच्या आईपुढे मान घालून उभा राहतो. आणि तुम्ही दोघं मला जाताना बघता. चहा फुंकत.



थोरला : उद्या रविवार.

धाकटा : पहिला. मी नाही जाणार.

थोरला : ...घर कुठं आहे तिचं?

धाकटा : छापखान्यामागची गल्ली. दुसरा जिना, तिसरा मजला. दार आई उघडते. आत घेत नाही. पण दार लावतही नाही.