पिक्चरमधला नवस

माझं माहेर नांदूरघाटाकडचं, बाप सालगडी, पाचवीत शाळा सुटली अन् सोळाव्या वर्षी हिकडं पाटोद्याजवळ दिलं. लई वर्षं आमी दोघांनी ऊस तोडला, आता शाळंत पोरांची खिचडी शिजविते. काय सांगू तुम्हाला, माझ्यासारखीनं पिक्चरमधी काम केलं म्हनलं की मलाच हसू येतंय.

त्याचं असं झालं, गावातल्या सुताराचा पोरगा बीडला शिकून दिवाळीच्या सुट्टीत चार दोस्त अन् क्यामेरा घिऊन आला. ऐन दिवाळीत घरातली लेक आजारी पडती, बाप म्हनतो दवाखाना, आई म्हनती देव, असा पिक्चर. मला सैपाकाला लावलं व्हतं. आईचं काम करनारी बाई आलीच न्हाई, म्हनली मला काय दिवाळी न्हाई का. मंग पोरगं माझ्या मागं लागलं, काकू तुमीच उभ्या ऱ्हावा. म्या म्हनलं, मुडद्या, चपात्या काय तुझा बाप लाटनार का! तर आमचे हेच म्हनले, ऱ्हाऊ दे उभी, घरात रोज नाटकंच करती.

आमचे हे म्हंजी मालक. नाव विचारू नका, आमच्यात बाया उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. दोन वर्षं झाली त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा यष्टीनं बीडला जायचं, चार तास मशीनला पडायचं, परत यायचं. अन् त्या दिवाळीला त्यांनी हट्टच धरला, बास झालं, पाडवा झाला की मी जानार न्हाई. मी रडले, भांडले, कावून असं करता म्हनले, तर भिताडाकडं तोंड करून पडायचे. मशीन सोडली तर मानूस किती दिस ऱ्हातं हे मला डाक्टरनं सांगितलं व्हतं.

पाडव्याला सकाळी मरीआईच्या देवळात शूटिंग. मला म्हनायचं व्हतं, आई, माझ्या पिंकीला बरं कर, तुला हिरवं लुगडं नेसवीन. म्या म्हनलं, खोटा नवस बोलत नसतेत रे, देवी काय क्यामेरा बघती का? अन् खरं सांगू का, नवस बोलायचं म्या सोडूनच दिलं व्हतं. माझी थोरली रंजू तापानं फनफनली तवा मी नवस बोलून आठ दिस अंगारा लावीत बसले, दवाखान्यात नेली तवर उशीर झालता. तवापासून मरीआईला हात जोडते, मागत काही न्हाई. हे त्या पोराला कसं सांगू?

उभी ऱ्हायले. नारळ धरला. हे पायरीवर बसून गंमत बघत व्हते. अन् तोंड उघडलं तर कुठली पिंकी अन् कुठलं काय, ह्यांचंच नाव आलं, बापासकट, आडनावासकट. आई, ह्यांना मशीनला जायची बुद्धी दे, रंजूच्या वक्ताला चुकले मी, आता हे तरी ठिव. हुंदका आवरंना. पोरगं कट म्हनायचं इसरलं.

लग्नातल्या उखाण्यानंतर ह्यांनी माझ्या तोंडून आपलं नाव ऐकलंच नव्हतं. घरी आल्यावर ओवाळून घेतलं अन् खाली बघतच म्हनले, माझी दवाखान्याची फाईल कुठं हाय?

पिक्चर शाळंत चादरीवर दाखविला. पोरानं त्या जागी दुसऱ्या बाईचा आवाज लावला, पिंकी म्हनून. तर हे शेजारच्याला ढोसून सांगत व्हते, आवाज सोड बे, ओठ बघ ओठ! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आमी मंगळवारी अन् शुक्रवारी जातो. देवीनं ठिवलं का मशीननं, मला ठाव न्हाई, दोघींचेबी उपकार. मशीनवर पडल्या पडल्या म्हनतेत, घे की एकदा नाव. मी म्हनते, आधी बरे व्हा, मंग घेते. हे दुखनं बरं व्हत नसतंय, दोघांनाबी ठाव हाय. तरी जायच्या दिवशी माझ्या आधी उठून पिशवी भरून बसलेले असतेत. तुमच्या घरची मान्सं धडधाकट ऱ्हावोत, बाबा.