समुद्राचा नारळ

नेवाशाच्या स्टँडवर शेजारच्या बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे सॅटेलाइट फोनवर त्यांची लेक होती, नवऱ्याबरोबर शिडाच्या होडीतून अटलांटिक महासागर ओलांडणारी. इथे सकाळ होती, तिकडे प्रवासाची शेवटची रात्र.

“आई, केदारनं नारळ फोडला!”

“किनारा दिसल्यावर समुद्राला द्यायचा? माज्या नवसाचा?”

“तोच! बावीस दिवस सांभाळला मी. उद्या जमीन लागली की मी विमानानं घरी येणार. होडी त्यानं एकट्यानं आणावी परत.”

“जावईबापूंना खायला तेवढाच घावला व्हय?”

“खाल्ला नाही गं. मला पाणी पाजलं त्याचं. तीन दिवस पोटात काही ठरतच नव्हतं ना.”

“आन् आता?”

“आता ठरलं. पण विचारायचं तरी! मी ग्लानीत होते.”

“आगं बये, मंग भांडतीस कशापायी?”

“नवस तुझा होता म्हणून!”

“त्यो मी बघते. हाईत कुटं ते?”

“झोपलाय. तीन रात्री एकटाच जागला. रात्री बारा वाजता सुकाणूवर त्याची पाळी आहे, तेव्हा उठवते आणि चांगलं सुनावते.”

“उठवून तर बघ! उजाडेस्तोवर होडी तूच हाक.”