उघडू नका म्हणून पाठवलेली पत्रिका

माझं काम काय हाय, ते घरात कुणाला सांगून फायदा न्हाई, तरी तुमाला सांगतो. मोबाइलमधला व्हायरस न चालवता आतून कसा तपासायचा, तो चोरलेली माहिती इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यावर पाठवतो ते कसं शोधायचं, हे एआयला शिकवायच्या सूचना असतात. त्या बराबर हायेत का, ते मी बघतो.

परवा आमच्या काकाला लग्नपत्रिकेच्या नावानं एक फाइल आली. मला शंका आली, म्हणून तीच मी एआयला तपासायला दिली. सूचना पाळून, फाइल न चालवता, त्यानं बराबर शोधलं: ही फोनमधले बँकेचे मेसेज बाहेर पाठवते. पत्ताबी दिला.

काकाला म्हणलं, "सगळ्या सोयऱ्याला सांगा, ही उघडू नका."

काकानं ग्रुपवर सांगितलं, आन खाली ती फाइलबी टाकली.

"काका, फाइल काहून टाकली?"

"अरे, कोणती उघडायची न्हाई, ते लोकाला कळाय नको?"

तेवढ्यात डोंगरकडा गावाहून आत्याचा फोन. "उघडली रे, पत्रिका काही दिसंना. लग्न कोणाचं हाय?"

"आत्या, आधी फोन बंद कर."

"बंद केल्यावर पत्रिका कशी दिसंल?"

उघडणाऱ्या सोयऱ्याचे बँकेचे मेसेज त्या पत्त्यावर जाऊन राहिले व्हते, आन तो पत्ता मला तोंडपाठ व्हता.

संध्याकाळी कामावरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "सूचना समजायला सोप्या आहेत ना?"

म्हणलं, "मशीनला हायेत."